इंदूर सोडून बडोद्याला जावं का? माझं मत: नाही

राजेंद्रनगरकर

मार्चमध्ये निवृत्त झालो. मुलगी-जावई बडोद्याला. दोघांचा धोशा एकच, इथला फ्लॅट विका आणि आमच्याजवळ या. महिनाभर वहीत दोन्ही गावांचा हिशोब मांडतोय (पेन्शनर माणसाला दुसरं काम काय) आणि उत्तर दर वेळी 'नाही' असंच येतंय. घरात माझी बाजू घ्यायला कुणी नाही, म्हणून इथे मांडतो.

गाव निवडताना लोक दुपारचं तापमान बघतात, तिथेच चुकतात. मे महिन्यात दुपारी माणूस पडदे ओढून घरात पडलेला असतो, मग इंदूर काय आणि बडोदा काय. गाव रात्रीवरून निवडावं. 'सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा' हे उगाच म्हणत नाहीत. शब म्हणजे रात्र, आणि इंदूर माळव्यातलंच. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, बडोदा ४० च्या आसपास. हजार मीटर चढलं की पारा सुमारे साडेसहा अंशांनी उतरतो. म्हणजे नुसत्या उंचीचे तीनेक अंश आमच्या पदरात. वर हवा कोरडी. दिवसा ४० झाले तरी सूर्य बुडाला की जमीन भराभर निवते आणि पहाटे गच्चीवर चादर ओढावीशी वाटते. गेल्या मेमध्ये मुलीकडे सहा रात्री काढल्या. पंखा पाचावर आणि उशी घामाने ओली. खंभातच्या आखाताकडचा वारा संध्याकाळी येतो खरा, पण रिकाम्या हाताने येत नाही, दमटपणा घेऊन येतो.

बाकी राहणीमानाचं काय सांगू? रात्रीचा सराफ्यातला खाऊबाजार, थंडीतले तळलेले गराडू, 'सानंद' संस्थेची मराठी नाटकं, रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक. २०१७ ते २०२३ सलग स्वच्छतेत देशात पहिला नंबर. साठीला आलेल्या माणसाने हे सोडून का जावं, ते मला कुणीतरी पटवून द्या.

दांडियाबाजार

काका, सहा रात्रींवरून गाव नापास? आणि त्याही मे महिन्यातल्या? मग आम्ही जानेवारीत इंदूरला येऊन गुण देऊ का?

तुम्ही उन्हाळ्याचा हिशोब केलात, थंडीचा केलाच नाही. सत्तरीत उकाड्यापेक्षा थंडी जास्त छळते. माझे वडील तुमच्या इंदूरजवळ देवासला होते तेव्हा डिसेंबर लागला की त्यांचे गुडघे धरायचे, सकाळी नऊपर्यंत रजईतून बाहेर यायचे नाहीत. इथे आणल्यापासून वर्षाचे बारा महिने सहा वाजता कमाटीबागेत हजर. बडोद्याची थंडी म्हणजे अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, तोही दहा वाजता काढून खांद्यावर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने तुमच्या वहीत कुठे आहेत?

दुसरं, मुंबई. इथून सकाळी निघून दुपारी दादरला जेवता येतं. तुम्ही 'अवंतिका' एक्स्प्रेसमध्ये संध्याकाळी बसता ते दुसऱ्या दिवशी पोचता. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली म्हणून खूश होऊ नका, ती गाडी तुमचे नातू पकडतील.

आणि मराठीपणाचा तोरा आम्हाला नको. साहित्य संमेलन १९०९ पासून चार वेळा झालंय बडोद्यात, शेवटचं २०१८ साली. नाटकाला जाताना सोबत भाखरवडी पण मिळेल, बस?

भिया_विजयनगर

मी इंदूरचाच, तरी काकांच्या विरोधात. काका, एक खरं सांगा. गच्चीवर शेवटचं कधी झोपलात?

ती शब-ए-मालवा तुमच्या आठवणीत आहे, हवामानात नाही. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री दोनपर्यंत भिंतीतून ऊब सोडतं. उंचीचे तीन अंश तिथेच खर्च. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सोलरची पॅनलं आहेत आणि दाराला कुलूप, चावी चौकीदाराकडे. मी पण एसी लावून झोपतो. एसीच लावायचा तर बंद खोलीत इंदूर काय, बडोदा काय.

सराफ्याचं म्हणाल तर शनिवारी रात्री पाय ठेवायला जागा नसते. भुट्ट्याचा कीस हातात घेऊन धक्के खायची हौस मला तिशीतच उरली नाही, तुम्ही साठीत कसे जाता भिया?

पाण्यावर तर तुम्ही अवाक्षर काढलं नाही. नर्मदेचं पाणी तिच्या काठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर पंपाने चढवून आणतात. त्यासाठी शहराने १९७० साली आंदोलन केलं, पाणी आलं १९७८ साली, हे मान्य आणि त्याचा अभिमानही आहे. पण आमच्याकडे नळ आजही एक दिवसाआड येतो आणि एप्रिलपासून टँकरवाल्याचा नंबर घरच्या नंबरांआधी लागतो. वहीत हे लिहा.

लष्करवाली

ग्वाल्हेरहून लिहितेय. तुम्ही सगळे ज्याला उन्हाळा म्हणता, त्याला आमच्याकडे मार्च म्हणतात.

मेच्या शेवटी ४५-४६. लू सुरू झाली की दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. आणि जानेवारीत दोन-तीन अंशांपर्यंत खाली, वर असं धुकं की दिल्लीची गाडी कधी येईल ते स्टेशनमास्तरलाही सांगता येत नाही. दोन्ही टोकं एकाच गावात. तरी आम्ही जगतोय.

पण राजेंद्रनगरकरांच्या कोरड्या हवेच्या मुद्द्याला माझा पाठिंबा. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी पटापट उडतं आणि तितका कूलर चालतो. आमच्याकडे खसच्या (वाळ्याच्या) ताट्या लावलेला कूलर मेमध्ये बाहेरच्यापेक्षा दहा-बारा अंश थंड वारा फेकतो, बिल एसीच्या पावभरही नाही, आणि वास असा की दुपारी उगाच माठातलं पाणी प्यावंसं वाटतं. तोच कूलर जूनच्या मध्यावर बडोद्यात लावा. खोलीत नुसती ओल, आणि वर्तमानपत्र पापडासारखं मऊ. पाऊस सुरू झाला की आमचाही कूलर निकामी होतो, पण तोवर अर्धं काम झालेलं असतं.

सवयीचं म्हणाल तर मी ठाण्याची. लग्न होऊन इथल्या लष्कर भागात आले तेव्हा पहिल्या मेमध्ये नाकातून रक्त यायचं. तिसऱ्या मेमध्ये ओढणी तोंडाला गुंडाळून दुपारी दोनला बाड्यावरच्या बाजारात खरेदीला. आता ठाण्याला गेले की दोन दिवसांत चिडचिड होते, अंग कोरडं म्हणून राहतच नाही. तेव्हा शरीर शिकतं. तुमच्या साठीत किती शिकेल ते मात्र तुमचं तुम्ही बघा.

एक विचारू? एवढं लांबलचक लिहिलंत, त्यात मुलगी आहे, जावई आहे, खंभातचं आखातही आहे. काकू कुठेच नाहीत.

अकोट्याची_सून

माहेर इंदूरचं तिलकनगर, सासर बडोदा, अकोटा. बावीस वर्षं. म्हणून दोन्हीकडचं बोलते.

दांडियाबाजारने कमाटीबाग सांगितली आणि तिच्यातून वाहणारी विश्वामित्री गिळून टाकली! ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे पाचशे मिलिमीटर पाऊस. इंदूरला वर्षाला जेवढा पडतो त्याच्या निम्मा, एका दिवसात. ऑगस्ट २०२४ मध्ये नदीची धोक्याची पातळी २६ फूट आणि पाणी गेलं ३७ च्या घरात. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. तीन दिवस वीज नाही, खालच्यांचे फ्रिज जिन्यात बांधून ठेवलेले, गाडी टपापर्यंत बुडालेली. दूध ट्रॅक्टरवरून आलं. शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मगर निघाली, तर वॉचमन म्हणतो, 'छोटी छे.' हवामान बघून गाव निवडायचं तर यालाही हवामानच म्हणतात.

दांडियाबाजार

ताई, पूर सगळ्या शहरात येत नाही. आमच्या गल्लीत पायरीलाही पाणी लागलं नाही.

अकोट्याची_सून

तुमच्या गल्लीत नसेल, तुमच्या दूधवाल्याच्या गल्लीत आलं ना. तीन दिवस चहा काळाच प्यायलात की नाही?

आणि राजेंद्रनगरकर काका, खूश होऊ नका. मी परत इंदूरला येणार नाही. कारण तुमचंच, रात्र. नवरात्रात माझी सतरा वर्षांची मुलगी गरबा खेळून रात्री एकला मैत्रिणींबरोबर स्कूटरवर घरी येते आणि मी झोपलेली असते. घाम येतो? येतो. दोनदा आंघोळ करते. तुम्ही रात्र अंशांत मोजता, मी अशी मोजते.

भिया_विजयनगर

ताई, स्कूटरवर आमच्याकडच्या मुली पण येतात रात्री, सराफ्यातून. पण काकांना एक राहिलंच. गुजरातेत दारूबंदी आहे. संध्याकाळी गच्चीवर बसायचं ते नुसतं ताक घेऊन का?

दांडियाबाजार

गच्चीला तर तुमच्या कुलूप आहे ना भिया!

राजेंद्रनगरकर

सगळ्यांचं वाचलं. काही कबूल करतो.

गच्चीवर शेवटचं झोपलो १९९४ साली, रामबागेतल्या जुन्या वाड्यात. तो वाडा आता नाही. इथे सोसायटीची गच्ची बंद असते. विजयनगरच्या भियाने बरोबर जागी बोट ठेवलं, आणि ते लागलं. तरीही खिडकी उघडी ठेवून झोपलो तर इंदूरला पहाटे पंखा कमी करावा लागतो आणि बडोद्याला करावा लागला नाही, एवढं मी अजून म्हणणार. थंडीचा हिशोब नव्हता केला. डॉक्टरांनी दम्याचा पंप दिलाय तो मी डिसेंबर-जानेवारीतच जास्त वापरतो. हे वहीत लिहिलं नव्हतं, आता लिहिलं.

लष्करवाली ताईंचा प्रश्न वाचून हिला विचारलं. चौतीस वर्षांत हवामानावर तिचं मत कधी विचारलं नव्हतं, ही गोष्ट तिने आधी नोंदवून घेतली. मग म्हणाली, "तुमची शब-ए-मालवा दहानंतर सुरू होते. सहा ते आठ मी गॅससमोर असते. आपलं स्वयंपाकघर पश्चिमेला आहे, संध्याकाळी ओट्याच्या फरशीला हात लावून बघा एकदा." काल सात वाजता लावून पाहिला. पोळी भाजली गेली असती.

बडोद्याच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर कुठल्या दिशेला आहे ते मुलीला विचारलं. तिला माहीत नाही, ती टिफिन मागवते.

अकोट्याची_सून

काका, विकू नका आणि विकतही घेऊ नका. ऑगस्टमध्ये महिनाभर भाड्याने राहा, कारण आमचा सगळ्यात वाईट महिना तोच. मेमध्ये सहा रात्री काढल्यातच. तळमजला सोडून काहीही. आणि घर बघायला काकूंना संध्याकाळी सहा ते आठ न्या, दलाल सकाळची वेळ देईल ती घेऊ नका.

लष्करवाली

आणि जानेवारीत ग्वाल्हेरला या दोघंही. मग इंदूरच्या थंडीबद्दल तक्रार राहणार नाही. दम्याचा पंप घेऊन या.

राजेंद्रनगरकर

ऑगस्टचं अवंतिकाचं तिकीट काढलं. हिने सोबत कूलर नको, छत्री घ्या म्हटलंय.

दांडियाबाजार

अवंतिका बडोद्याला मध्यरात्रीच्या सुमाराला लागते, काका. घ्यायला मी येतो. स्टेशनबाहेर उभं राहून सांगा, उकडतंय का.