कॉम्प्रेशन सॉक्सनी पाय खरंच लवकर मोकळे होतात का?

यवतेश्वर_चढ:
सातारा हिल हाफ मॅरेथॉन जवळ आली म्हणून मुद्दाम विषय काढतोय. रविवारचा लाँग रन झाला की आमच्यातली निम्मी मंडळी गुडघ्यापर्यंतचे कॉम्प्रेशन सॉक्स, म्हणजे पायाला घट्ट दाब देणारे मोजे, चढवून संध्याकाळपर्यंत तशीच असतात, आणि नवीन पोरांना पण सांगतात, घेच बाबा, रिकव्हरी लगेच होते. माझं मत स्पष्ट आहे, यात तथ्य आहे पण फार थोडं. आपल्याकडं सगळे चढाला घाबरतात पण पाय मोडतो तो उतार. यवतेश्वरचा घाट उतरून समर्थ मंदिराकडं येताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतो, त्यात तंतूंना बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळ निघते. इजा मुख्यतः मांडीला आणि सॉक्स पोटरीला, मग फरक पडणार कसा?

कृष्णाकाठ_रनर:
नाही पटलं. मी सांगलीचा, आयर्विन पुलावरून सकाळी पळून झालं की आंघोळ करून थेट मार्केट यार्डात, हळदीच्या सौद्याला दुपारपर्यंत उभाच. सॉक्स नसले की घोट्यापाशी सूज येऊन बुटाची लेस रुतायला लागते, घातले की पाय हलके राहतात. घोट्याला दाब जास्त आणि वर जाईल तसा कमी, त्यामुळं रक्त खाली साठत नाही, डॉक्टर पण व्हेरिकोज व्हेन्सला, म्हणजे पायाच्या फुगलेल्या शिरांना, तेच देतात की. आणि हे नुसतं मनाचं समाधान म्हणणाऱ्यांसाठी, ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग २०१५ मध्ये छापून आलाय, मॅरेथॉननंतर ४८ तास काहींना खरे सॉक्स दिले, काहींना दिसायला तसेच पण दाब नसलेले. दोन आठवड्यांनी ट्रेडमिलवर खरे सॉक्सवाले आधीपेक्षा जास्त वेळ टिकले, दुसऱ्या गटाचा वेळ उलट घटला.

यवतेश्वर_चढ:
तो प्रयोग चांगलाय, मान्य. पण माणसं किती, तर ३३. २०२२ मध्ये असे १९ प्रयोग एकत्र करून तपासले गेले, मिळून ३५० लोक, आणि स्नायूची ताकद लवकर परत येते असं काही त्यातून निघालं नाही. तुमचं उभं राहून पाय सुजणं ही वेगळी गोष्ट आहे, तिथं सॉक्स उपयोगाचे आहेतच, पण ते पळण्यातनं सावरणं नव्हे. दोन्ही एकत्र करू नका.

मिरज_फिजिओ:
दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. दुखणं कमी जाणवतं असं बऱ्याच प्रयोगांत दिसतं, ताकद लवकर येते याचा पुरावा कच्चा आहे. दाब पायाला कळतोच, त्यामुळं आपल्याला खरे मिळालेत की खोटे हे पळणाऱ्यापासून लपवणं अवघड, म्हणून मनाचा भाग किती हे वेगळं काढता येत नाही. एक मात्र सोडून द्या, सॉक्सनी लॅक्टिक अ‍ॅसिड (जोरात पळताना स्नायूत तयार होतं ते) निघून जातं हे. ते पळणं थांबल्यावर साधारण तासाभरात आपोआप कमी होतं, मंगळवारच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही.
माझ्याकडं येणाऱ्यांची खरी अडचण मापाची असते. बुटाच्या नंबरावरून सॉक्स घेतात. माप घ्यायचं ते सकाळी, घोट्याच्या वरचा सगळ्यात बारीक भाग आणि पोटरीचा सगळ्यात जाड भाग, टेप लावून. वरची पट्टी दुमडली तर गुडघ्याखाली करकचून वळ उठतो, मग फायद्यापेक्षा तोटाच. आणि शुगरमुळं पाय बधिर असतील किंवा पायाच्या धमन्यांत अडथळा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घालू नका.

माणदेशी_पट्टा:
मला वेगळंच बोलायचंय. आमच्या माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला धावली, तेव्हापासून इथं पोरापोरींना पळायचं वेड आहे, त्यात पोलिस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करणारे पण लई. ही पोरं मोबाईलवर व्हिडिओ बघून उसने पैसे काढून सॉक्स मागवतात आणि बुटाचा सोल टाचेकडं पार घासलेला असतो. सकाळी पळून आल्यावर नुसता चहा-बिस्किट आणि लगेच शेतावर. त्या पैशात महिनाभर अंडी, शेंगदाणे, दूध होतं. आधी पोटात जाऊ द्या, रात्री झोप होऊ द्या, मग काय ते सॉक्स. तुम्ही शहरातली माणसं मोठ्या तोंडानं सांगता तेव्हा ती पोरं ऐकतात हे ध्यानात ठेवा.

कृष्णाकाठ_रनर:
दादा, तुमचं पोरांचं शंभर टक्के पटलं, त्यांना मी पण घ्या म्हणणार नाही. पण ज्याला परवडतं त्यानं का सोडावं? दुखणं कमी वाटलं तरी माझा मंगळवारचा रन चुकत नाही, हाच माझा फायदा, ताकद यंत्रावर मोजून मला काय करायचंय. फिजिओ, रात्री झोपताना ठेवले तर चालतात का?

मिरज_फिजिओ:
हिंडत्या-फिरत्या निरोगी माणसाला रात्री गरज नाही. आडवं झाल्यावर रक्त तसंही खाली साठत नाही. काढून ठेवा आणि उशीवर पाय टेकवून झोपा.