ओस्लोजवळ धावण्यासाठी: बोरेचे वन आणि वायकिंग टेकाडे

ओस्लो परिसरात चढण नसलेली, जंगलातून जाणारी आणि वायकिंग अवशेषांजवळची धावण्याची वाट आपण विचारली आहे, त्यासाठी मी ओस्लोच्या दक्षिणेकडील होर्टेन या गावाजवळचे बोरे उद्यान आग्रहाने सुचवीन. फियोर्डच्या, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या, काठाने जाणारी वाट येथे बरीचशी सपाट असून बीच आणि ओक वृक्षांच्या सावलीतून जाते, त्यामुळे नवशिक्यालाही ती झेपते. झाडांमधील मोकळ्या जागेत सात मोठी दफन-टेकाडे दिसतात. त्यांतील काहींचा व्यास सुमारे ४५ मीटर आहे. १८५२ मध्ये रस्त्यासाठी खडी काढताना अशाच एका टेकाडातून जहाजाचे दफन (मृताला जहाजासह पुरलेली जागा) उघडकीस आले, आणि नॉर्वेचे पुरातत्त्वज्ञ निकोलाय निकोलायसेन यांनी त्याचे अवशेष तपासले. जहाजाचे लाकूड कुजून गेले होते, तरी लोखंडी खिळे आणि घोड्याच्या साजावरील सोनेरी मुलामा दिलेले अलंकार मिळाले. त्यांवरील गुंफलेल्या नक्षीमुळेच वायकिंग कलेतील एका शैलीला ‘बोरे शैली’ हे नाव पडले. उद्यानालगत मिडगार्ड हे वायकिंग केंद्र आहे. माझी एकच कळकळीची विनंती आहे, की वेग वाढवण्याच्या सरावासाठी टेकाडांवर चढू नये, कारण सततच्या पावलांनी त्यांची माती झिजते.