नाशिकमध्ये टॅप डान्सचा सराव कशावर आणि कसा करावा?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. मी इंदिरानगरला राहते, वय ५६. मुलीकडे अमेरिकेत होते तेव्हा तिथल्या कम्युनिटी सेंटरमध्ये मोठ्या माणसांसाठी टॅप डान्सचा वर्ग होता, त्याला जायला लागले. शाळेतलं लेझीम सोडलं तर नाचाशी माझा कधी संबंध आला नव्हता. बुटाच्या चवड्याला आणि टाचेला धातूच्या पट्ट्या असतात. त्या लाकडी जमिनीवर पडल्या की पायात ताशा आल्यासारखं वाटतं! शफल म्हणजे चवडा पुढे घासायचा आणि मागे घासायचा, दोन आवाज. त्याला बॉल चेंज, म्हणजे एका पायाच्या चवड्यावरून दुसऱ्या पायावर झटकन वजन टाकणं, जोडलं की चार. हे चार आवाज सुटे, स्वच्छ आणि सारख्या अंतराने यावेत म्हणून आम्ही आठवडेच्या आठवडे घालवले, आणि मला एकदाही कंटाळा आला नाही.

आता परत आलेय, बूट सोबत आणलेत. कॉलेज रोड, गंगापूर रोडला चौकशी केली. झुंबा आहे, साल्सा आहे, टॅप शिकवणारं कुणी भेटलं नाही. घरात टाइल्स आहेत आणि खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे. सराव कशावर करू? आणि गुरू नसताना पुढे कशी जाऊ? मला हे सोडायचं नाहीये.

तत्कार_पंचवटी
ताई, टाइल्सवर अजिबात नको. खाली काँक्रीट असतं, ते जराही दबत नाही, सगळा मार गुडघ्यावर आणि नडगीवर येतो. मी चाळिशीनंतर कथक सुरू केलं, त्यामुळे हे सांगतेय.

माझं ऐकाल तर कथकच्या वर्गाला या. आमच्याकडे बूट चालणार नाहीत, आम्ही जमिनीला नमस्कार करून अनवाणी उभे राहतो. पायही वेगळा पडतो: तत्कारात, म्हणजे आमच्या पदन्यासात, पूर्ण तळवा आपटतो, तुमच्याकडे घोटा सैल आणि वजन चवड्यावर. पण लय तीच. तीनताल १६ मात्रांचा, टाळी १, ५, १३ वर आणि खाली, म्हणजे टाळी नसलेली जागा, ९ वर. तुमचे आठ-आठ मोजण्यांचे दोन तुकडे त्यात नीट बसतात. घरी लेहरा, म्हणजे ताल धरून फिरत राहणारी धून, लावून तेच शफल आधी एकपट, मग दुगुन, मग चौगुन करून बघा. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, बरोबर आलात की कुणी सांगावं लागत नाही. कथकचे पंडित चित्रेश दास आणि टॅप नर्तक जेसन सॅम्युएल्स स्मिथ एकत्र कार्यक्रम करायचे. त्यांची पायांची सवाल-जवाबाची व्हिडिओ जरूर शोधा.

रंधा
फळीचं मी सांगतो. ८×४ चा १८ एमएम प्लाय घ्या, वखारीतच मधून कापून ४×४ चे दोन तुकडे करून घ्या. एक पुरे. वर सनमायका लावू नका, घसरतं. कडांना पॉलिशपेपर मारा. खाली पट्ट्या ठोकल्या तर पोकळी होऊन आवाज घुमतो, स्टेजवर छान वाटेल, पण तुमच्या खाली बाळ आहे. त्यापेक्षा जिममध्ये असते तशी जाड रबरी मॅट अंथरा, तिच्यावर फळी नुसती ठेवा. सराव झाला की उभी करून भिंतीला लावता येते. बुटाच्या पट्ट्यांचे स्क्रू दर वेळी तपासा. एखादा वर आला तर प्लाय ओरबाडला जाईल आणि पायही अडकेल.

सैलघोटा
फिजिओथेरपिस्ट आहे, थोडक्यात लिहिते. आधी पोटऱ्या आणि घोटे मोकळे करा. गुडघे कायम किंचित वाकलेले. नडगीच्या हाडावर एका जागी दुखायला लागलं तर त्या दिवशी थांबा, आणि दुखणं राहिलं तर दाखवून घ्या.

गोदाकाठ
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! रंधादादा, उद्याच वखारीत जाते. खालच्या सूनबाईंशी बोलले, बाळाला संध्याकाळी बागेत नेतात, तीच माझी वेळ. आणि तत्कारताई, शनिवारी येतेय, अनवाणी.

हे का सोडवत नाही तेही सांगते. १७३९ मध्ये साउथ कॅरोलायनात गुलामांनी उठाव केला, आणि १७४० च्या कायद्याने त्यांच्या ढोलांवर बंदी आली. ढोल काढून घेतले तरी लय हातापायांत राहिली. पुढे आयरिश लोकांच्या नाचाशी तिची गाठ पडली आणि त्यातून टॅप घडत गेला. आपण नाशिकची माणसं, गणपतीत ढोल वाजला नाही तर काय होईल आपलं? वर्गात बाईंनी ही गोष्ट सांगितली तेव्हापासून मला प्रत्येक शफल नीटच वाजवावासा वाटतो.

बिल रॉबिन्सन या थोर कृष्णवर्णीय नर्तकाचा जन्म २५ मे १८७८ चा. अमेरिकेत १९८९ पासून तो टॅप डान्सचा दिवस मानतात. नाशकात कुणाकडे टॅपचे बूट पडून असतील तर इथे लिहा. २५ मेला माझ्याकडे या. फळीचा दुसरा तुकडाही घरी आणून ठेवते.