मदत हवी आहे: दोन भागांच्या क्वांटम प्रणालीची अवस्था विभाज्य (एन्टँगल्ड नसलेली) आहे का हे एका भागाचा ट्रान्सपोज घेऊन तपासणारी अंशतः ट्रान्सपोजची कसोटी ३×३ मितींत (दोन्ही भागांची मिती ३) नेमकी कुठे अपुरी पडते?

ट्रान्सपोज हे रेषीय चित्रण धन मॅट्रिक्सला (जिचे एकही आयगेनमूल्य ऋण नाही) धनच ठेवते, म्हणजे ते धन चित्रण आहे, परंतु संयुक्त प्रणालीच्या एकाच भागावर लावल्यास दोन क्यूबिट्सच्या कमाल एन्टँगल्ड अवस्थेला −१/२ हे आयगेनमूल्य मिळते, म्हणजेच ते पूर्णतः धन (एकाच भागावर लावले तरी धनता टिकवणारे) नाही; एवढे मी स्वतः गणित करून पडताळले आहे.

स्टॉर्मर (१९६३) आणि वोरोनोविच (१९७६) यांच्या निष्कर्षांनुसार २×२ व २×३ मितींत प्रत्येक धन चित्रण हे एक पूर्णतः धन चित्रण आणि दुसऱ्या पूर्णतः धन चित्रणाची ट्रान्सपोजशी केलेली संयुक्ती यांची बेरीज असते; त्यामुळे तेथे अंशतः ट्रान्सपोज धन असेल, तर अवस्था विभाज्य ठरते. ३×३ मध्ये मात्र चोई यांचे १९७५ मधील उदाहरण, म्हणजे अशी बेरीज म्हणून न लिहिता येणारे धन चित्रण, ही मांडणी मोडते. त्या उदाहरणाचा द्विवर्गी बहुपदी म्हणून विचार केला, तर ती कोठेही ऋण होत नाही, तरीही वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही. हा दुवा मला फार सुंदर वाटतो.

माझी अडचण अशी की, २×३ च्या सिद्धतेतील नेमकी कोणती पायरी ३×३ मध्ये कोलमडते, हे मला उमगलेले नाही. केवळ मॅट्रिक्सच्या भाषेत, शक्यतो चोई मॅट्रिक्सची (चित्रण कमाल एन्टँगल्ड अवस्थेच्या एका भागावर लावून मिळणारी मॅट्रिक्स) रँक आणि धन चित्रणांच्या शंकूची टोके (इतर धन चित्रणांची बेरीज म्हणून न मिळणारी चित्रणे) यांच्या आधारे, कोणी हे उलगडून सांगू शकेल का?