एसडीकेची (ग्राहकांना कोड लिहायला देतो त्या फाइलींच्या संचाची) १.४.० आवृत्ती दिली आणि तीन ग्राहकांकडे तीन प्रकारे मोडली. आवृत्ती कशी ठरवावी, कशी पोचवावी?

वेर्णेकर_फर्मवेअर
ट्रॉलरच्या शीतकप्प्याचं तापमान नोंदवणारा बोर्ड आहे, कॉर्टेक्स-एम४ मायक्रोकंट्रोलरवर. ॲप्लिकेशन ग्राहक लिहितात. आमच्याकडून हेडर, एक स्टॅटिक लायब्ररी (डॉट-ए, म्हणजे आधीच कंपाइल केलेला कोड), स्टार्टअप फाइल आणि लिंकर स्क्रिप्ट (कोड मेमरीत कुठे बसेल ते सांगणारी) झिप करून ड्राइव्हच्या लिंकवर जातं.

१.३.२ नंतर १.४.० दिली. एकाही फंक्शनचं नाव बदललेलं नाही, फक्त कॉन्फिग स्ट्रक्टच्या शेवटी टाइमआउटचं एक फील्ड वाढवलं. तरी:
– एकाकडे लिंकर (कंपाइल केलेले तुकडे जोडणारा) 'यूझेस व्हीएफपी रजिस्टर आर्ग्युमेंट्स' म्हणून अडतो.
– दुसऱ्याकडे बिल्ड होतं, पण सेन्सर कधी उत्तर देतो, कधी तासभर गप्प.
– तिसऱ्याकडे यूएआरटीचा (सीरियल पोर्टचा) पहिला इंटरप्ट आला की बोर्ड गोठतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी गोव्यात मालीम जेटीला उभ्या. बोर्ड बदलायला तेवढेच दिवस मिळतात. १.४.१ काढून भागेल का?

मांडवीकाठ
नाही भागणार. ही १.४.० नव्हतीच, २.०.० होती: जुन्याशी जुळत नाही तेव्हा पहिला आकडा वाढवायचा. डॉट-ए देता तेव्हा स्ट्रक्टचा आकार, कंपायलरचे फ्लॅग, लिंकर स्क्रिप्ट हे सगळं तुमच्या इंटरफेसमध्येच मोडतं. फंक्शनची नावं तीच राहिली एवढ्यावर आवृत्तीचा आकडा ठरत नाही.

पहिली तक्रार फ्लोट एबीआयची, म्हणजे दशांश आकडे फंक्शनला कुठल्या रजिस्टरमधून द्यायचे त्या कराराची. लायब्ररी 'हार्ड'ने बांधलेली आणि ग्राहकाचा कोड 'सॉफ्टएफपी'ने, किंवा उलट. सॉफ्ट आणि सॉफ्टएफपी एकमेकांशी लिंक होतात, हार्डशी दोन्ही नाहीत. रीडएल्फ या टूलला मोठ्या ए-चा पर्याय देऊन दोन्हीकडचं 'टॅग एबीआय व्हीएफपी आर्ग्ज' ताडून बघा. त्याच यादीत एनमचा आकारही दिसतो, तोही जुळतो का बघा. हार्ड आणि सॉफ्टएफपी अशा दोन लायब्रऱ्या वेगळ्या फोल्डरात द्या. आणि फ्लॅग रीडमीत लिहून सोडू नका, कोण वाचतो! सीमेकच्या (बिल्ड टूलच्या) टार्गेटलाच इंटरफेस म्हणून जोडा, म्हणजे ग्राहकाकडे आपोआप लागतात.

दुसरी जास्त वाईट, कारण लिंकर काही बोलत नाही. समजा स्ट्रक्ट १२ बाइटचं होतं, आता १६ झालं. ग्राहकाने फक्त डॉट-ए बदलली आणि हेडर जुनंच राहिलं, तर लायब्ररी शेवटचे ४ बाइट त्याच्या स्टॅकवरचा कचरा म्हणून वाचणार. तोच टाइमआउट. हेडर नवं घेतलं तरी लोकल व्हेरिएबल शून्य केलेलं नसेल तर तेच. 'डिफॉल्ट भरून देणारं फंक्शन लायब्ररीत देतो' असंही नुसतं करू नका, कारण ते १२ बाइटच्या जागेत १६ लिहील आणि स्टॅक फाडील. स्ट्रक्टचं पहिलं फील्ड 'आकार' ठेवा, हेडरमधला मॅक्रो त्यात साइझऑफ भरील, लायब्ररी तेवढंच वाचील-लिहील. नव्या फील्डमध्ये ० म्हणजे 'पूर्वीसारखं' असाच अर्थ ठेवा.

शिवाय एक स्वस्त कुलूप: लायब्ररीत 'एसडीके_एबीआय_२' नावाचं सिम्बॉल ठेवा आणि हेडरमधल्या इनिटच्या इनलाइन फंक्शनातून त्याला हात लावा. जुनं-नवं मिसळलं की लिंक करतानाच 'अनडिफाइन्ड रेफरन्स' येईल. बोट समुद्रात गेल्यावर कळण्यापेक्षा बरं.

फोंडा_बिट्स
तिसरी तक्रार वीक सिम्बॉलची दिसते. १.४.० मध्ये यूएआरटीचा हँडलर (इंटरप्ट आला की चालणारं फंक्शन) वेगळ्या फाइलीत हलवला का? स्टार्टअपमध्ये त्याच नावाचा वीक हँडलर आहे, म्हणजे खरा सापडला नाही तर वापरायचा. लिंकर आर्काइव्हमधून (डॉट-एमधून) तीच ऑब्जेक्ट ओढतो जिच्यातलं एखादं नाव अजून सापडायचं आहे. वीकने गरज भागली की तुमच्या खऱ्या हँडलरकडे तो बघतही नाही, आणि इंटरप्ट डिफॉल्टच्या अनंत लूपमध्ये अडकतो. हँडलर इनिटच्याच सी फाइलीत परत ठेवा. 'होल-आर्काइव्ह'नेही (सगळी डॉट-ए ओढणाऱ्या लिंकरच्या पर्यायाने) होतं, पण फ्लॅश फुगतो.

माझं मत विचाराल तर ड्रायव्हर सोर्समध्येच द्या. डॉट-ए फक्त लपवायचंच असेल त्या कॅलिब्रेशनपुरती. एलटीओ (लिंक करताना होणारं ऑप्टिमायझेशन) लावलेली डॉट-ए तर देऊच नका, कंपायलरची आवृत्ती बदलली की ती वाचताच येत नाही.

वेर्णेकर_फर्मवेअर
हो बाब, हँडलर हलवला होता. सोर्सचं साहेबांना पटवावं लागेल. झिप कुठे ठेवू? आणि लिंकर स्क्रिप्टमध्ये बूटलोडरला (बोर्ड सुरू होताच ॲप्लिकेशन चालू करणाऱ्या कोडला) ८ केबी जास्त द्यायचे आहेत, तेही २.०.० मध्येच घालू?

मांडवीकाठ
ते ८ केबी आत्ता नको. बोटींवरच्या बोर्डात जुना बूटलोडर आहे, त्याला स्लॉट (ॲप्लिकेशनची जागा) जुन्याच पत्त्यावर सापडणार. नव्या पत्त्यावर लिंक केलेली इमेज दूरून पाठवली तर ती चालणारच नाही. डीबगर लावून सगळंच नव्याने भरणार असाल तर गोष्ट वेगळी. एमसीयूबूट हा बूटलोडर असेल तर स्वॅप (जुन्या-नव्या इमेजची अदलाबदल) चालू असताना जेटीवरची वीज गेली तरी तो पुढे उरकतो. मात्र ॲप्लिकेशनने इमेज 'कन्फर्म' केली नाही तर पुढच्या रीसेटला जुनी परत येते. नमुना प्रोजेक्टमध्ये ती ओळ हवीच, सेन्सर एकदा नीट वाचल्यानंतर.

झिपबद्दल: गिटच्या टॅगवरून तुम्ही स्वतः बनवलेली झिप रिलीजला जोडा, सोबत एसएचए-२५६ चेकसम. गिटहब आपोआप देतं त्या सोर्स झिपमध्ये सबमॉड्यूल (आत जोडलेल्या दुसऱ्या रिपॉझिटरी) येत नाहीत, आणि तिच्या चेकसमवर विसंबू नका. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या आपोआप बनणाऱ्या टार-जीझेड फाइलींचे चेकसम एकदा बदलले होते. तुमची टूलचेन विंडोजवर असेल तर फोल्डर फार खोल नकोत, २६० अक्षरांची मर्यादा अजून पुष्कळांना नडते. एकदा दिलेली झिप त्याच नावाने कधी बदलू नका. १.४.० वर 'वापरू नका' लिहा, पण काढू नका. कोणाच्या तरी बोर्डात ती आहे.

फोंडा_बिट्स
आणि १.३ ची शाखा जिवंत ठेवा. जून-जुलैत जे २.०.० वर येणार नाहीत, त्यांना ऑगस्टपासून फक्त दुरुस्त्या १.३.३, १.३.४ अशा.

वेर्णेकर_फर्मवेअर
देव बरें करूं. हँडलर परत इनिटच्या फाइलीत नेला, मॅप फाइलीत आता आमचाच पत्ता दिसतो. एबीआयचं सिम्बॉल आज घालतो.