संग्रहालयाच्या भिंतीवर सफाई कामगार कशाला?

कोनशिला
'वारसाप्रेमी' यांनी काल लिहिलं: "संग्रहालयात आम्ही नाणी, मूर्ती, लघुचित्रं बघायला जातो. गटारात उतरलेल्या माणसांचे फोटो तिथे लावून काय साधतं? ती जागा वर्तमानपत्राची." दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळा धागा काढते.

भायखळ्याच्या संग्रहालयाला १९७५ पासून ज्यांचं नाव आहे ते डॉ. भाऊ दाजी लाड १८५४ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीचे सभासद होते. त्यांचे बंधू नारायण दाजी स्वतः फोटो काढायचे. त्याच काळात, १८६८ ते १८७५ दरम्यान, ब्रिटिश सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' या छायाचित्रसंग्रहाचे आठ खंड काढले. त्यात माणसं जातवार, जमातवार लावली होती, वनस्पतींचे नमुने लावावेत तशी. कष्टकरी माणसाचा फोटो अशा संग्रहांत पहिल्यापासून आहे, पण नमुना म्हणून. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो काढले, त्यात ती माणसं नमुना राहत नाहीत. त्यांना त्या भिंतीवर जागा नाही म्हणणं मला सहन होत नाही.

वारसाप्रेमी
मला किळस येते असा अर्थ तुम्ही काढलात. तसं मी कुठेही म्हटलेलं नाही. संग्रहालय फोटोतला संदर्भ काढून घेतं, ही माझी तक्रार आहे. न्यूयॉर्कच्या 'मोमा' या आधुनिक कलेच्या संग्रहालयात १९५५ साली छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांनी मांडलेलं 'फॅमिली ऑफ मॅन' हे फोटोंचं प्रदर्शन आठवा. ६८ देशांतले ५०३ फोटो. तारखा नाहीत, घटना नाहीत. फोटोंच्या जोडीला म्हणी, वचनं. फ्रेंच विचारवंत रोलां बार्थनी तेव्हाच आक्षेप घेतला होता की जन्म-मृत्यू-श्रम सगळ्यांचे सारखेच दाखवले की इतिहास गायब होतो. वर्तमानपत्रात निदान वॉर्ड येतो, ठेकेदार येतो, २०१३ चा हाताने मैला उचलण्यावरच्या बंदीचा कायदा येतो. भिंतीवर काय उरतं? सुंदर काळोख आणि चमकणारे डोळे.

गिरणगावकर
संदर्भ काही भिंत खात नाही हो. पाटी लिहिणारा खातो. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात निपोमोला एका स्थलांतरित मजूर आईचा फोटो काढला, तो 'मायग्रंट मदर' म्हणून गाजलेला. तिचं नाव फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, ते जगाला कळलं १९७८ साली! आणि हा फोटो वर्तमानपत्रातूनच गाजला होता, वारसाप्रेमी. तिथेही नाव नव्हतंच.

पाटीवर काय हवं ते सांगतो. फोटोतल्या माणसाची संमती असेल तर पूर्ण नाव. काम नेमकं कोणतं: मॅनहोल, कचरागाडी की झाडलोट. पालिकेत कायम की ठेकेदाराकडे. ठिकाण, महिना, वर्ष. 'कामगार, मुंबई' एवढीच पाटी लावणाऱ्याने फोटो उतरवून ठेवावा. आणि मराठी मजकूर इंग्रजीच्या खाली बारीक टायपात का? ज्याचा फोटो आहे तो माणूस सहकुटुंब बघायला आला तर त्याने वाचायचं काय?

अंधारखोली
वाचायला आधी दिसायला हवं. ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) मंद उजेडात १२ पॉइंटची बारीक राखाडी अक्षरं! निम्मी प्रदर्शनं इथेच मरतात. ५० लक्सचा नियम जुन्या अल्ब्युमेन (अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरच्या) आणि रंगीत रासायनिक प्रतींसाठी आहे. कॉटन रॅगवर, म्हणजे सुती कागदावर, न विटणाऱ्या पिगमेंट शाईने काढलेली नवी प्रत १५०-२०० लक्स सहज सोसते. शिवाय ती पुन्हा छापता येते.

पासपार्टू
'सहज' म्हणू नका. उजेडाने होणारी हानी साठत जाते. २०० लक्स, रोज आठ तास, ९० दिवस म्हणजे १,४४,००० लक्स-तास. तेवढाच प्रकाश ५० लक्सवर ३६० दिवसांत पडतो. आणि एकाच दालनात जुनी अल्ब्युमेन प्रत आणि नवी पिगमेंट प्रत शेजारीशेजारी असतील, तर एकीला ५० आणि दुसरीला २०० कसे देणार? उजेडातून आलेल्या डोळ्याला ५० वाली काळीच दिसणार.

अंधारखोली
मग एकत्र लावू नका! जुन्या प्रती आतल्या दालनात, वाटेत दिवे टप्प्याटप्प्याने मंद करत नेलेले. दिवा उभ्या रेषेपासून ३० अंशांवर. त्याहून उभा केला तर चौकटीची सावली फोटोवर येते, आडवा केला तर बघणाऱ्याची सावली पडते आणि काचेत दिवा चमकतो. कृष्णधवल फोटोत काळा भाग जास्त, म्हणून काच आरसा होते. सफाई कामगारांच्या फोटोंत तर रात्र आणि गटार. खिडकीसमोर लावलेत की संपलं.

पासपार्टू
काचेचं बोलताय तर वजन धरा. चार मिलिमीटर काच चौरस मीटरला दहा किलो, तीन मिलिमीटर ॲक्रिलिक साडेतीन किलोच्या आसपास. मुंबईच्या पावसाळ्यात प्रत काचेला टेकली तर चिकटते, सोडवताना थर निघतो. म्हणून मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची खिडकी, हवाच. प्रत चारी बाजूंनी टेपने जखडली तर दमट हवेत कागद फुगतो आणि मधे लाटा उठतात. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या खळीने चिकटवलेल्या, बाकी कागद मोकळा. सनबोर्डवर (फोमच्या हलक्या फळीवर) चिकटवून काम भागवणाऱ्यांचे फोटो जुलैत धनुष्यासारखे वाकतात.

वारसाप्रेमी
माणसांच्या सन्मानाचा प्रश्न होता, तुम्ही खळ आणि बिजागऱ्यांवर आलात. हे तेच चाललंय ज्याबद्दल मी लिहिलं.

अंधारखोली
अजिबात नाही. मंत्र्याच्या तैलचित्राला नीट दिवा आणि मॅनहोलमधल्या माणसाला वाकलेला सनबोर्ड, हा सन्मानाचाच प्रश्न आहे. तुम्हाला तो दिसत नसेल तर वाद घालण्यात अर्थ नाही.

कोनशिला
आवाज खाली. वारसाप्रेमी, 'फॅमिली ऑफ मॅन'बद्दलचं तुमचं म्हणणं मला मान्य करावं लागतं. तिथे झुंडबळीचा एक फोटो होता, तोही प्रदर्शन सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत काढून टाकला. पण त्यावरून संग्रहालयाचं दारच बंद करणं मान्य नाही.

वारसाप्रेमी
गिरणगावकरांनी सांगितलेली पाटी खरंच लागणार असेल, ठेकेदारासकट, तर माझा विरोध तेवढ्यापुरता मागे. वचनं आणि कविता लावल्या तर पुन्हा लिहीन.

गिरणगावकर
लिहाच. पाटी २४ पॉइंट, पांढरट कागदावर काळी, चकाकी नसलेली, जमिनीपासून १२० ते १४० सेंटिमीटरवर, म्हणजे चाकाच्या खुर्चीतूनही वाचता येते. मराठी वर. आणि छापायला टाकण्याआधी मजकूर फोटोतल्या माणसाला वाचून दाखवायचा. तो म्हणेल ते नाव, तो म्हणेल ते काम.