रॉटरडॅमला माल बघायला आपला माणूस ठेवायचाय, पगार इथनं दिला तर चालतो का?

तासगावचा_द्राक्षवाला

नमस्कार मंडळी, जरा लांबडं हाय पण वाचा. तासगावजवळ आमची बाग आणि बारकं पॅकहाऊस हाय, आमची आणि पावण्यांची मिळून थॉमसन द्राक्षं युरोपला जात्यात. ग्रेपनेटची (निर्यातीच्या बागांची सरकारी) नोंदणी, औषधाच्या अंशाचा रेसिड्यू रिपोर्ट, प्रीकूलिंग सगळं नीट करून कंटेनर भरतो. आणि तिकडं रॉटरडॅमला दार उघडलं की बायरचा व्हॉट्सॅपवर फोटो, देठ काळे पडलेत, मणीगळ हाय, पनेटच्या (द्राक्षाच्या बारक्या डब्याच्या) तळाला पाणी सुटलंय, आणि त्याच्या मागोमाग नुकसानीचा क्लेम. फोटोतला माल आपलाच हाय का दुसऱ्या कुणाचा हे बी कळायला मार्ग नाही, पॅलेटचं लेबल कधीच दिसत नाही फोटोत.

तर ह्या सीझनला तिथं आपला माणूस ठेवावा असं चाललंय. गावातलाच एक पोरगा हॉलंडातल्या वागेनिंगेनला शेतीतलं मास्टर्स करून तिथंच हाय, हुशार हाय, द्राक्षातलं कळतंय त्याला कारण बाप बागायतदार. काम म्हणजे फेब्रुवारी ते मे, आठवड्याला साधारण २० तास, कंटेनर उघडताना हजर राहायचं, टेंपरेचर रेकॉर्डर काढून घ्यायचा, पेट्या उघडून फोटो, रिपोर्ट. चुलते म्हणत्यात त्याला इथल्या पगारपत्रकावर घे आणि त्याच्या इथल्या खात्यात रुपये टाक, विषय संपला. ब्रोकर म्हणतोय नोकर दाखवूच नको, फ्रीलान्सर म्हणून बिल घे. मला दोन्हीतलं काय कळंना. सीझनला पोरगा मोकळा हाय, पण कायद्याच्या भानगडीत त्याला अडकवायचा नाही आणि आपण बी अडकायचं नाही. कुणी बाहेरच्या देशात माणूस ठेवलाय का?

कुपवाड_व्हॉल्व्हवाला

भावा आमचा दुबई-शारजाचा अनुभव हाय, युरोपचा नाही, तरी सांगतो. आमचा सेल्सचा माणूस तिकडं हाय. सुरुवातीला आम्हाला पण वाटलेलं की इथनं पगार पाठवायचा आणि झालं, पण तिथं लायसन्स असलेली कंपनी असल्याशिवाय व्हिसाच निघत नाही, म्हणून फ्री झोनमधी कंपनी काढली. लोक म्हणत्यात दुबईत टॅक्स नाही म्हणजे सगळं सोप्पं, पर २०२२ च्या फेब्रुवारीपासनं नवा कामगार कायदा लागू झालाय, वर्षाला ३० दिवस पगारी सुट्टी, प्रोबेशन सहा महिन्यांच्या वर नाही, आणि पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांच्या बेसिकएवढी ग्रॅच्युइटी, त्याच्या पुढं वर्षाला ३०. व्हिसाचा खर्च त्याच्या पगारातनं कापायचा नाही. आपल्याकडं ग्रॅच्युइटी म्हणलं की पाच वर्षं भरू दे मग बघू, तिथं एक वर्ष भरलं की हक्क लागू. शेवटी आमच्या सीएनं महिन्याला तरतूद धरायला लावली.

हॉलंडचं मला ठाऊक नाही, पण तिथं ह्याच्यापेक्षा कडक असणार एवढं नक्की.

मिरजकर_उट्रेख्त

दादा, मी इथे नेदरलँड्समध्ये पेरोलचंच (पगार-हिशोबाचंच) काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

पैसे कुठल्या देशातून येतात यावर काहीच ठरत नाही, माणूस रोज काम कुठे करतो यावर ठरतं. करारात तुम्ही "भारतीय कायदा लागू" असं ठळक अक्षरात लिहिलंत तरी युरोपात रोम वन नावाचा नियम आहे, त्याच्या आठव्या कलमाप्रमाणे माणूस नेहमी जिथे काम करतो तिथल्या कायद्याने दिलेलं संरक्षण करार करून काढून घेता येत नाही. त्यामुळे काकांची आयडिया तिथेच बाद. रुपयात पगार दिलात तरी तो इथल्या किमान वेतनाशीच ताडून बघितला जाणार.

आता आधी पोराचा परवाना कुठला आहे ते विचारा, बाकी सगळं नंतर. अजून स्टुडंट परमिटवर असेल तर आठवड्याला १६ तासच (किंवा फक्त जून, जुलै, ऑगस्टमध्ये फुल टाइम), आणि त्यासाठीही मालकाने म्हणजे तुम्ही यूडब्ल्यूव्हीकडून (इथलं रोजगार-विम्याचं सरकारी खातं) वर्क परमिट काढायचं. म्हणजे तुमचे २० तास बसतच नाहीत. मास्टर्स संपवून ओरिएंटेशन इयरवर (शिक्षणानंतर काम शोधायला मिळणाऱ्या वर्षाच्या परवान्यावर) असेल तर मात्र रान मोकळं, परमिट लागत नाही, तासांचं बंधन नाही. पण ते वर्षच असतं, मे च्या आधी संपत नाही ना ते कार्डावरची तारीख बघून खात्री करा.

पगाराचं. २०२४ पासून इथे किमान वेतन तासावर आहे, २०२५ च्या जुलै ते डिसेंबरमध्ये २१ वर्षं आणि त्याच्या वरच्याला तासाला १४.४० युरो होतं, आणि दर जानेवारी-जुलैला आकडा बदलतो. त्यावर ८ टक्के हॉलिडे अलाउन्स, तो साधारण मे मध्ये देतात किंवा नोकरी संपताना. शिवाय वर्षाला आठवड्याच्या तासांच्या चौपट पगारी सुट्टी, चार महिन्यांचा तिचा हिस्सा धरायचा, घेतली नाही तर शेवटी पैसे द्यायचे. किमान वेतनाचा भाग बँकेतूनच द्यावा लागतो, हातात रोख चालत नाही, आणि पगाराची स्लिप द्यायलाच लागते.

आजारपणाचं ऐकून आमच्या घरचे अजून डोळे मोठे करतात. माणूस आजारी पडला तर मालकाने १०४ आठवड्यांपर्यंत किमान ७० टक्के पगार द्यायचा, दोन वर्षं! पण घाबरू नका, ठरावीक मुदतीचा करार असेल तर मुदत संपली की तुमची जबाबदारी संपते आणि पुढचं यूडब्ल्यूव्ही बघतं, त्यांना तसं कळवावं मात्र लागतं. म्हणून तुमच्यासाठी कायम नोकरीचा करार नकोच, चार महिन्यांचा मुदतीचा करार करा.

मुदतीच्या करारातल्या दोन गोष्टी आपल्याकडच्या लोकांना माहीतच नसतात. सहा महिने किंवा त्याहून कमी मुदत असेल तर प्रोबेशन ठेवताच येत नाही, लिहिलं तरी ते कलम फोल. आणि "मुदतीच्या आधी थांबवता येईल" असं कलम लेखी नसेल तर तुम्हालाही मधेच थांबवता येत नाही आणि त्यालाही सोडता येत नाही. गारपीट झाली, माल कमी निघाला, कंटेनर निम्मेच गेले, तरी मे पर्यंत पगार चालू. ते कलम घालूनच घ्या. अर्थात घातलं तरी उद्यापासून येऊ नको असं म्हणता येत नाही, यूडब्ल्यूव्हीची परवानगी, कोर्ट किंवा त्याची संमती लागतेच. बाकी मुदत संपल्यावर तुम्ही पुढे ठेवलं नाहीत तर वर्षाला एक तृतीयांश महिना या हिशोबाने भरपाई द्यायची, ती पहिल्या दिवसापासून मोजतात, चार महिन्यांचे म्हणजे महिन्याच्या पगाराचा नववा हिस्सा.

ब्रोकरची फ्रीलान्सर आयडिया दोन-तीन वर्षांपूर्वी लोक सर्रास करायचे. २०२३ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने डिलिव्हरू या घरपोच जेवणाच्या कंपनीच्या रायडरना नोकर ठरवलं आणि १ जानेवारी २०२५ पासून टॅक्सवाल्यांनी खोट्या फ्रीलान्सरवर पुन्हा कारवाई सुरू केली. तुमचा पोरगा तुमच्याच एकट्याचं काम करणार, तुम्ही सांगाल त्या वेळी गोडाऊनला जाणार, तुमच्याच फॉर्मवर रिपोर्ट देणार, त्याच्या जागी दुसरा माणूस पाठवू शकणार नाही. हा फ्रीलान्सर कसा? कागदावर काहीही लिहा, बघतात प्रत्यक्षात काय चाललंय ते.

तासगावचा_द्राक्षवाला

ताई लय उपकार, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. पोरगा ओरिएंटेशन इयरवरच हाय, विचारलं आत्ता, कार्ड ऑगस्टपर्यंत हाय. आता रोख सांगा, सगळं धरून महिन्याला काय बसंल? त्याला तासाला १६ युरो द्यायचं डोक्यात हाय. आणि तिथं कंपनी काढावी लागती का? तसं असंल तर मी आत्ताच हात टेकतो.

मिरजकर_उट्रेख्त

कंपनी काढायची गरज नाही. परदेशी मालक म्हणून पेरोल टॅक्सची नोंदणी करता येते, ते काम इथल्या हेरलेन शहरातलं टॅक्स ऑफिस बघतं. नंबर मिळाला की पेरोल ब्युरो दर महिन्याला रिटर्न भरतो.

हिशोब असा. २० तास गुणिले १६, महिन्याला सरासरी १,३८७ युरो. ८ टक्के धरून १,४९८. त्यावर मालकाचे हप्ते, बेकारी, अपंगत्व, आरोग्य मिळून २० ते २२ टक्के धरा, मुदतीच्या करारावर बेकारीचा हप्ता जास्त दराने लागतो म्हणून वरचाच आकडा धरा. म्हणजे १,८०० च्या पुढे. सुट्टीचे पैसे आणि शेवटची भरपाई पकडून महिन्याला २,००० युरो डोक्यात ठेवा. ब्युरोची फी वेगळी, आणि कंपनी डॉक्टरशी करार करावा लागतो तोही वेगळा. शिवाय तुमच्या धंद्याला एखादा सामूहिक करार (युनियनबरोबर सगळ्या धंद्यासाठी झालेला) लागू होतो का ते ब्युरोला पहिल्याच मेलमध्ये विचारा, होत असेल तर दर त्यात दिलेला लागतो.

हे सगळं नको असेल तर पेरोलिंग कंपनी मधे घ्या, कागदावर मालक ते, तुम्हाला महिन्याला एक बिल. महाग पडतं पण चार महिन्यांसाठी मी असती तर तेच केलं असतं. फक्त त्यांच्या व्यापार नोंदणीत मनुष्यबळ पुरवठ्याची नोंद आहे ना बघा, नसेल तर दंड माणूस घेणाऱ्यालाही होतो.

सीए_विश्रामबाग

ताईंनी तिकडचं छान सांगितलंय, मी इकडचं सांगतो.

काकांच्या सल्ल्यात अजून एक गोची आहे. मुलगा भारतात अनिवासी, काम नेदरलँड्समध्ये, पगार तिथल्याच खात्यात गेला तर इथे कर लागत नाही. पण तोच पगार तुम्ही त्याच्या इथल्या खात्यात रुपयात टाकलात तर तो "भारतात मिळालेला" धरला जातो आणि इथेही करपात्र होतो, मग दोन देशांच्या कर-करारातली सवलत मागत बसायची. कशाला? सरळ युरोत तिथे पाठवा. बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म, आयकराचं डिक्लरेशन आणि लागेल तिथे माझ्यासारख्या सीएचं सर्टिफिकेट. पहिल्या वेळी बँक करार मागते, तो इंग्रजीत तयार ठेवा, डच कॉपी दिली तर काउंटरवरचा माणूस तुमच्याकडे बघत बसेल.

पीएफचं कुणीतरी सुचवेलच म्हणून आधीच सांगतो. भारत-नेदरलँड्स सामाजिक सुरक्षा करार २०११ पासून लागू आहे, पण त्यातलं कव्हरेजचं सर्टिफिकेट इथल्या नोकराला काही काळ तिकडे पाठवलं तर मिळतं. तिथेच भरती केलेल्याला ते लागू नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुलाला भाव ठरवू देऊ नका. माल बघणं, रिपोर्ट देणं ठीक. पण तो तिथे बसून तुमच्या वतीने सौदे पक्के करायला लागला आणि हे नेहमीचं झालं तर तुमचा धंदा तिथे आहे असं तिथलं टॅक्स ऑफिस म्हणू शकतं, आणि नफ्यावर कर मागू शकतं. क्लेम किती मान्य करायचा हे पण तासगावातूनच कळवा, मेलवर.

जतचा_बेदाणा

एवढ्या राड्यापेक्षा सर्व्हेयर लावा की ओ. रॉटरडॅमला स्वतंत्र सर्व्हेयरच्या कंपन्या हायत, कंटेनरमागं फी घेत्यात, पन्नास जणांचं काम करत्यात, तिथं नोकर-बिकर प्रश्नच येत नाही. सीझनला तुमचे कंटेनर किती? आठ-दहा असतील तर चार महिन्यांचा पगार काढण्यापेक्षा ते स्वस्त पडतंय.

तासगावचा_द्राक्षवाला

सर्व्हेयर लावून बघितलाय भाऊ. क्लेम आल्यावर बोलवायचा, तोवर माल दोन दिवस उघड्यावर फिरलेला असतो, रिपोर्टमधी "तपासणीच्या वेळी अशी स्थिती" एवढंच लिहून देतो. आणि कंटेनर दहाच्या लय वर हायत, पावण्यांचे धरून.

जतचा_बेदाणा

मग चूक सर्व्हेयरची नाही, बायरबरोबरच्या कागदाची हाय. कन्साइनमेंटवर (विकल्यावर पैसे) पाठवताय का एमजीवर (किमान भावाची हमी)? काही असू दे, कंटेनर उघडताना आपला माणूस किंवा सर्व्हेयर हजर पाहिजे, आणि उघडल्यापासनं अमुक तासांच्या आत क्लेम कळवला नाही तर मान्य नाही, असं आधी लिहून घ्या. हे लिहून घेतलं नाही तर तुमचा पोरगा गेटवरच उभा राहील, आत कोण घेतंय त्याला? गोडाऊन बायरचं हाय.

मिरजकर_उट्रेख्त

हा मुद्दा एकदम बरोबर, मला सुचलाच नव्हता. आत प्रवेशाची परवानगी लेखी मिळाल्याशिवाय पोराशी करार करू नका, नाहीतर काम नसताना पगार चालू होईल.

कुपवाड_व्हॉल्व्हवाला

आणि इथला सुपरवायझर बिझनेस व्हिसावर पाठवून दिला तर? फेब्रुवारीत एक चक्कर, एप्रिलमधी एक.

सीए_विश्रामबाग

मीटिंगला, बायरला भेटायला जाऊ शकतो, शेंगेनवर १८० दिवसांत ९० दिवस. रोज गोडाऊनला ड्यूटी करायची म्हटली की ते काम झालं, त्याला वेगळा परवाना बघावा लागेल. त्यावर भिस्त ठेवू नका.

तासगावचा_द्राक्षवाला

ठरलं मग. आधी बायरला मेल टाकतो, कंटेनर उघडताना हजर राहायचं आणि क्लेमची मुदत, दोन्ही लेखी. त्यानं हो म्हणलं तर पेरोलिंग कंपनीकडनं चार महिन्यांचा करार, सौद्याचं अधिकार त्याला नाहीत असं त्यात घालून. ताई, हे कधी सुरू करू? ऑक्टोबर छाटणी उरकली, आता जरा सवड हाय.

मिरजकर_उट्रेख्त

आत्ताच सुरू करा. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात इथे कुणी मेलला उत्तर देत नाही. पोराकडून बीएसएन (इथला नागरिक-क्रमांक) नंबर, परमिटच्या कार्डाची दोन्ही बाजूंची कॉपी आणि इथल्या बँकेचा खाते नंबर मागवून ठेवा, पेरोलिंगवाले पहिल्यांदा तेच मागतात. आणि दोन-तीन कंपन्यांकडून कोटेशन घ्या, तासाच्या दरावर किती टक्के लावतात ते विचारा, हॉलिडे अलाउन्स त्यात धरलाय का नाही तेही. धरलेला नसला तर आकडा स्वस्त दिसतो.